सूचना : ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन

सर्व सभासदांना नमस्कार.

१९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सकाळी ठीक ८ वाजता वॉचमन केबिनसमोर जमायचे आहे. दोन मिनिटे मौन, मग निधी संकलन. भाषणे नाहीत (गेल्या वर्षीची चाळीस मिनिटे सगळ्यांच्या लक्षात असतील).

• निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जमा करू. तो वीरपत्नी, शहिदांची कुटुंबे आणि माजी सैनिकांसाठी वापरला जातो. रक्कम ऐच्छिक, पावती मात्र मागून घ्या.

• लाल, गडद निळा आणि फिकट निळा, म्हणजे तिन्ही दलांच्या रंगांचा छोटा ध्वज मिळेल. गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी सात-आठ ध्वज लिफ्टमध्ये पायाखाली आलेले सापडले, टाचणीसकट. कृपया घरी नेऊन जपून ठेवा.

• पेन्शन चालू राहण्यासाठी माजी सैनिकांना व वीरपत्नींना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. वयामुळे काहींच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, पण मोबाइलवर चेहरा दाखवूनही ‘जीवन प्रमाण’ (हयातीचा डिजिटल दाखला) निघते. घरी जाऊन हे करून देणारे दोन-तीन तरुण हवेत. नावे माझ्याकडे द्या.

• कुणालाही लढाईच्या आठवणी सांगायचा आग्रह करू नये.

– सचिव