जर्मनीचा कारखाना नेमका कुठे अडला आहे?

महोदय,

जर्मनीची अर्थव्यवस्था 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षे आक्रसली. तेव्हापासून ‘जागतिकीकरणाने जर्मनी संपवली’ असा सूर आपल्याकडेही लागतो. रासायनिक उद्योगापुरते बोलायचे तर हे निदान घाईचे आहे.

बीएएसएफ या बड्या जर्मन रसायन कंपनीचे लुडविग्सहाफेन येथील कारखान्यांचे संकुल घ्या. एक टन अमोनियाला साधारण 900 ते 1,000 घनमीटर नैसर्गिक गॅस लागतो. त्यातला बराचसा जळण म्हणून जात नाही, हायड्रोजनसाठी कच्चा माल म्हणून जातो. त्यामुळे बॉयलर सुधारून, उष्णता वाचवून फारसे हाती लागत नाही. रशियाचा पाइपलाइनचा स्वस्त गॅस 2022 मध्ये आटला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये कंपनीने तिथल्या दोनपैकी एक अमोनिया प्लांट, कॅप्रोलॅक्टमचा (नायलॉनचा कच्चा माल) प्लांट आणि वर्षाला 3 लाख टन क्षमतेचा टीडीआय (फोमसाठी लागणारे रसायन) प्लांट बंद करण्याचे जाहीर केले. अशा संकुलात एका प्लांटची वाफ आणि उपउत्पादन शेजारच्या प्लांटला पुरवले जाते. एक कडी निखळली की उरलेल्यांचाही खर्च चढतो. गॅसच्या भावापेक्षा ही गोष्ट अधिक काळजीची आहे.

सगळे खापर गॅसवर मात्र फोडता येणार नाही. चीनमध्ये झांजियांग येथे 10 अब्ज डॉलरपर्यंतच्या गुंतवणुकीचा मनोदय याच कंपनीने 2018 मध्ये, युक्रेन युद्धाच्या कितीतरी आधी जाहीर केला होता. गिऱ्हाईकच तिकडे आहे. म्हणून अनुदाने देऊन अमोनियासारखा टनावारी माल टिकवण्याचा हट्ट जर्मनीने सोडावा. अमोनिया जहाजाने आणता येतो. उत्प्रेरके (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे पदार्थ), विशेष रसायने आणि ती बनवणारी माणसे टिकवणे महत्त्वाचे. तिथे केमिकल ऑपरेटर साडेतीन वर्षे कारखान्यात आणि शाळेत आलटून-पालटून शिकतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे राहिले, तेव्हा आपले ऑपरेटर आणि फिटर पांगले. ते पुन्हा गोळा झाले नाहीत.

युरोपातून सुटलेली काही कामे याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्यांकडे येऊ शकतात, पण स्वस्त दर पुरणार नाही. युरोपात वर्षाला 1 टन किंवा जास्त माल जाणार असेल, तर सहसा त्या रसायनाची ‘रीच’ या युरोपीय संघाच्या रसायनविषयक कायद्याखाली नोंदणी लागते. ती आयातदाराच्या नावावर झाली की आपण त्या एकाच गिऱ्हाइकाशी बांधले जातो. छोट्या कारखान्यांनी खर्च वाटून घेऊन तिथे नोंदणीसाठी स्वतःचा अधिकृत प्रतिनिधी नेमणे बरे. दुसरी अडचण शुद्धतेची. 99 टक्के शुद्धतेचा दाखला सगळेच देतात. खरेदीदार विचारतो, उरलेल्या 1 टक्क्यात काय आहे? सॉल्व्हंटचा पुरवठादार बदलला किंवा रिॲक्टर नीट धुतला गेला नाही, तर त्या 1 टक्क्यातले घटक बदलतात, एकूण आकडा तोच राहतो आणि पुढच्या टप्प्यात खरेदीदाराचे उत्प्रेरक निकामी होते. प्रत्येक बॅचचा क्रोमॅटोग्राम (मालातले घटक वेगवेगळे दाखवणारा आलेख) आणि राखीव नमुना जपून ठेवलेला नसेल, तर माल का बिघडला हे दाखवता येत नाही आणि दुसरी ऑर्डर येत नाही.

– एक रसायन अभियंता, ऐरोली, नवी मुंबई