लीयाच्या वाट्याला काय आलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत गाजलेल्या पुस्तकांच्या शेवटांवर लेख आला होता त्यात ट्वायलाइटला दोनच ओळी मिळाल्या, की शेवट नुसता गोडमिट्ट आहे, कुणाला काही गमवावं लागत नाही आणि कॉलेजच्या पोरी सोडून कुणी ते मनावर घेऊ नये. वाचून खरंच वाईट वाटलं. मी कॉलेजात असताना ही पुस्तकं वाचली, आता संसार आहे नोकरी आहे तरी अजून अधूनमधून चारही काढून वाचते, आणि शेवट गोड आहे याचा मला मनापासून आनंदच आहे. माझं दुखणं वेगळं आहे, ते एका पोरीबद्दल आहे, आणि त्या पोरीचं नाव त्या लेखात तर नाहीच पण या पुस्तकांवर बोलणारे कुणीच घेत नाहीत, म्हणून हे पत्र.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेचं पहिलं पुस्तक २००५ साली आलं आणि चौथं, ब्रेकिंग डॉन, ऑगस्ट २००८ मध्ये. तिकडं पहिल्या दिवशीच त्याच्या तेरा लाख प्रती खपल्या. आमच्याकडं तेव्हा कुणीतरी पुण्याहून एक कॉपी आणायचं आणि ती सगळ्या ग्रुपमध्ये फिरायची, नंबर लागायचे, रात्रीत वाचून सकाळी परत द्यायची. वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स नावाचं सदा पावसात भिजलेलं गाव, तिथं वडिलांकडं राहायला आलेली बेला, व्हॅम्पायर असलेला एडवर्ड, आणि शेजारच्या ला पुशमधला क्विल्यूट जमातीचा जेकब, जो वेळ आली की लांडगा होतो. चौथ्या पुस्तकात बेला-एडवर्डचं लग्न होतं, रेनेस्मे नावाची मुलगी होते, ती होताना बेला मरायला टेकते आणि एडवर्ड तिला व्हॅम्पायर करून वाचवतो.

आता शेवट. इटलीहून व्होल्टुरी येतात, म्हणजे त्यांच्या जगातले राजेही तेच आणि न्यायाधीशही तेच. त्यांच्यात तान्ह्या मुलाला व्हॅम्पायर करायला सक्त मनाई आहे, कारण असं मूल कधी मोठंच होत नाही, त्याला आवर घालता येत नाही आणि गावंच्या गावं संपवतं. इरिना नावाची एक ओळखीची व्हॅम्पायर लांबून रेनेस्मेला बघते, तिचा गैरसमज होतो आणि ती जाऊन तक्रार करते. रेनेस्मे तर जन्माला आलेली पोर, रोज दिसामासानं वाढतीय. मग एडवर्डचं कलन कुटुंब जगभरातल्या ओळखीच्यांना बोलावून घेतं, लढायला नाही, साक्ष द्यायला, की आम्ही या पोरीला वाढताना डोळ्यांनी बघितलंय. बर्फातल्या त्या मैदानात दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहतात आणि शेवटी एडवर्डची मानलेली बहीण ॲलिस, जिला भविष्य दिसतं, ती दक्षिण अमेरिकेतून नाहुएलला घेऊन येते, तो पण रेनेस्मेसारखाच अर्धा माणूस अर्धा व्हॅम्पायर, दीडशे वर्षांचा, सात वर्षांत पूर्ण वाढलेला आणि मग तसाच राहिलेला. त्याच्या साक्षीनं सगळं मिटतं आणि व्होल्टुरी आले तसे परत जातात.

यावर तेव्हापासून लोकांची ओरड आहे की एवढी पानं तापवलं आणि लढाईच नाही. मला विचाराल तर हेच या पुस्तकातलं सगळ्यात भारी आहे. ॲलिस गायब होताना जी चिठ्ठी ठेवते ती शेक्सपियरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमधून फाडलेल्या पानावर लिहिलेली असते, आणि ज्याला ते नाटक माहितीय त्याला तिथंच कळायला हवं की हा निकाल रक्तानं लागणार नाही, बोलण्यानं लागणार. २०१२ मध्ये शेवटचा सिनेमा आला त्यात मात्र लोकांना बरं वाटावं म्हणून दणकून लढाई घातली, मुंडकी उडवली आणि नंतर सांगितलं की हे ॲलिसनं दाखवलेलं भविष्य होतं. मला ते अजिबात आवडलं नाही. आणि तुमच्या लेखात म्हटलंय की कुणाला काही गमवावं लागत नाही, तर त्या मैदानात इरिनाला सगळ्यांदेखत मारून टाकतात, तिच्या दोन बहिणी समोर उभ्या असताना. हे गोडमिट्ट आहे का?

शेवटच्या प्रकरणाबद्दल तर मी तासभर बोलू शकेन. एडवर्डला सगळ्या जगाच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाच्या मनातलं येत नाही, ही गोष्ट पहिल्या पुस्तकापासून आहे. तिच्या मनाभोवती एक कवच असतं, तेच कवच ती मैदानात सगळ्यांवर पांघरते आणि आपली माणसं वाचवते. आणि सगळं संपल्यावर, घरी आल्यावर, ती पहिल्यांदा ते कवच मुद्दाम बाजूला सारते आणि त्याला ऐकू देते. चार पुस्तकं ज्याची वाट बघितली ते असं घरच्या घरी, शांतपणे, नवराबायकोत घडतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ढसाढसा रडले होते, आणि आजही तिथं आले की डोळे भरतात.

पण लीया.

लीया क्लिअरवॉटर ही जेकबच्या त्या लांडग्यांच्या टोळीतली एकुलती एक मुलगी. टोळीचा म्होरक्या सॅम आणि ती एकमेकांचे होते. मग सॅम लांडगा झाला आणि एक दिवस लीयाची बहिणीसारखी असलेली नात्यातली एमिली घरी आली आणि सॅमचं तिच्यावर इंप्रिंट झालं. इंप्रिंट म्हणजे या गोष्टीतली जादू, लांडग्यानं एखादीला एकदा बघितलं की त्याचं सगळं आयुष्य तिच्याभोवती बांधलं जातं, त्यात त्याची इच्छा विचारलीच जात नाही. म्हणजे सॅमचा दोष नाही, एमिलीचा नाही, कुणाला शिव्या घालायची पण सोय नाही. त्यानंतर लीयाचे वडील हार्ट अटॅकनं जातात आणि ती स्वतः लांडगा होते. आणि त्या टोळीत सगळ्यांना सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं. म्हणजे ज्या माणसानं सोडलं त्याच्या डोक्यात दुसरीबद्दल काय चाललंय ते हिनं रोज ऐकायचं, आणि हिला काय यातना होतायत ते सगळ्या पोरांनी ऐकायचं. या चार पुस्तकांत यापेक्षा वाईट शिक्षा कुणाला झालेली मला तरी आठवत नाही, आणि ती पोरं काय म्हणतात तर ही खडूस आहे, किरकिरी आहे.

जेकब सॅमची टोळी सोडतो तेव्हा ती त्याच्या मागं जाते, सॅमपासून लांब जायला मिळतंय म्हणून. तिथं पुस्तकाच्या मधल्या भागात, जो सगळा जेकबच्या तोंडून आहे, लीया थोडी थोडी बोलायला लागते. मूल होणार नाही याची तिला भीती आहे, लांडगा झाल्यापासून शरीर थांबल्यासारखं झालंय, आणि म्हणून सगळे एडवर्डच्या घरातल्या रोझलीला नावं ठेवत असताना तिची मुलासाठीची तडफड हिला कळते, शत्रूच्या घरातली असून कळते. आणि एका ठिकाणी ती जेकबला सांगते की तिला पुढं काय हवंय. ला पुशपासून लांब एखादी नोकरी, कॉलेजात एकदोन कोर्स, आणि राग फार येतो म्हणून योगाचा क्लास. एवढंच.

ही जागा माझ्या नजरेत कशी भरली ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आमच्या सांगलीच्या गावभागात शिरली, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर होतं, आमच्या खालच्या कपाटातली सगळी पुस्तकं भिजली. पाणी उतरल्यावर बाकीची बरीच टाकूनच द्यावी लागली पण ब्रेकिंग डॉन मी टाकलं नाही. पानं चिखलानं एकमेकांना चिकटलेली, सुरीची बोथट बाजू घालून एकेक पान सोडवायचं आणि मध्ये रद्दीचा कागद घालून गच्चीवर वाळवायचं असं चाललं होतं, रद्दी तुमच्याच पेपरची होती. घरभर तो गाळाचा कुबट वास. एरवी ते पुस्तक मी धावत वाचायचे, बेला कधी येतीय म्हणून जेकबचा भाग पळवायचे, आणि आता प्रत्येक पानापाशी थांबायला लागत होतं. ती नोकरी, कोर्स आणि योगाच्या क्लासची जागा अशी ओल्या पानावर समोर आली आणि मी सुरी खाली ठेवून ती परत वाचली. मग पुढची पानं सोडवत गेले ते तिचा क्लास कुठं लागलाय का हे बघत. लागलेला नाही. शेवटच्या मैदानात ती जेकबच्या बाजूला उभी आहे, जिवावर उदार होऊन, ज्या बेलावर तिचा एवढा राग होता तिच्या मुलीसाठी, आणि ते सुखाचं शेवटचं प्रकरण तिच्या हातात काही न देता संपतं.

जेकबचं बघा. बेला मिळाली नाही म्हणून तो मोडून पडलेला असतो तर त्याचं तिच्या तान्ह्या मुलीवर इंप्रिंट होतं आणि एका क्षणात सगळं दुःख गायब. (त्या तान्ह्या मुलीच्या बाजूनं बघितलं तर मला हे पटत नाही, कोवळ्या पोरीचं म्हाताऱ्याशी लग्न ठरवण्यावर शारदा नाटक लिहिणाऱ्या देवलांच्या हरिपूरशेजारी राहून पटणार तरी कसं, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.) ज्या जादूनं लीयाचं घर जाळलं तीच जादू जेकबला औषध म्हणून मिळाली, आणि जेकबच्या मनातलं ऐकत लीयानं हे पण बघायचं, की आणखी एकजण सुटला. लेखिकेला एवढी जवळची जखम दिसत होती, तिनंच ती इतकी खरी लिहिली होती, मग तिथं परत जायला दोन पानं का मिळाली नाहीत? सिनेमानं तर कमालच केली, त्या न झालेल्या लढाईत लीयाला मारून दाखवलं, तेही दुसऱ्याला वाचवताना.

आम्ही सांगलीचे, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच सीता स्वयंवर उभं केलं, त्यामुळं गोड शेवटाचं आम्हाला वावडं नाही. पण गोड शेवट कसा करावा हे बघायचं असेल तर मृच्छकटिक बघावं, जे याच देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं. शूद्रकाच्या मूळ नाटकात चारुदत्त सुळावरून वाचतो, वसंतसेना त्याची होते, इथं नाटक संपलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. मग विचारलं जातं की या भिक्षूचं काय करायचं, तर त्याला सगळ्या विहारांचा प्रमुख करा. स्थावरक गुलाम आहे, त्याला मोकळा करा. चंदनकाला मोठा अधिकार द्या. ज्या चांडाळांच्या हातून चारुदत्त मरणार होता त्यांनासुद्धा त्यांच्या लोकांचं प्रमुखपण द्या. एवढं सगळं करणाऱ्या खलनायक शकारालाही सोडून द्या. नायक-नायिकेच्या गडबडीत जे जे मध्ये आले, ज्यांनी मार खाल्ला, खरं बोलले, वेळेला धावले, त्या प्रत्येकाचं नाव घेऊन विचारपूस होते. ब्रेकिंग डॉनचा शेवट मला इतका प्रिय असून मी तिथं अडते ते यासाठीच. त्या मैदानातून सगळे घरी गेल्यावर कुणीतरी विचारायला हवं होतं, बेलानंच विचारायला हवं होतं, की लीयाचं काय?

आणि लेखिकेला जागा नव्हती असंही नाही. २०१० मध्ये तिनं ब्री टॅनरवर अख्खं छोटं पुस्तक काढलं, जी तिसऱ्या पुस्तकात जेमतेम काही पानं येते आणि मरते. ते पुस्तक मला फार आवडलं, कारण कडेला राहिलेल्या पोरीला तिथं आवाज मिळाला. २०१५ मध्ये मुलगा-मुलगी उलटे करून पहिलीच गोष्ट परत लिहिली. २०२० मध्ये मिडनाइट सन आलं, परत पहिलीच गोष्ट, आता एडवर्डच्या मनातून. मी ते लॉकडाऊनमध्ये वाचलं, आवडीनं वाचलं. पण एडवर्डचं मन मला आधीच ठाऊक होतं हो. लीयाचं मन आपल्याला फक्त जेकबच्या कानातून ऐकू आलंय, तेही तो वैतागलेला असताना.

माझी भाची आता नववीला आहे, सुट्टीत माझ्याकडं आली की ती फुगलेली, कडा तपकिरी झालेली कॉपी वाचत बसते, परवा पुस्तक संपवून तिनं पहिला प्रश्न हाच विचारला, मावशी, लीयाचं पुढं काय झालं गं? मी म्हटलं, लिहिलेलं नाही. तर म्हणाली, असं कसं? मला काही सांगता आलं नाही.

तुमच्या लेखकांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी मधला जेकबचा भाग एकदा सावकाश वाचावा आणि मग या शेवटावर पुन्हा लिहावं, टीका करायची असेल तर तिथं करावी, मी मनापासून वाचेन. आणि सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांपैकी कुणी ही पुस्तकं वाचली असतील तर त्यांनी या सदरात जरूर कळवावं की लीयासाठी त्यांना काय हवं होतं. माझं मी सांगते. मला तिच्यासाठी इंप्रिंट नको, कुणी राजपुत्र नको. तिची बॅग भरलेली, गाव मागं टाकलेलं, आणि त्या कॉलेजच्या ऑफिसात ती ॲडमिशनचा फॉर्म भरतीय, एवढं एक पान हवं होतं.

आपली,
एक वाचक
गावभाग, सांगली