कालचे ‘टुमॉरो’ आज चालत नाही

संपादक महोदय,

शाळेत इंग्रजीचे ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ (दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे किंवा आपल्या शब्दांत सांगणे) म्हणजे फळ्यावर दहा वाक्ये आणि त्यांची उलटापालट. मुले नियम घोकतात, तरी ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ असेच लिहितात. हा आळस नव्हे. मराठीत ‘तो म्हणाला की मी येतो’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे. ‘की’नंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा काळ तसाच राहतो. इंग्रजीत मात्र ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘ॲम’चे ‘वॉज’. हा फरक कुणी आधी सांगतच नाही.

मी वर्गात निरोप्याचा खेळ घेते. दोन मुले सीताबर्डीच्या बाजारात संत्र्यांचा भाव करतात, तिसरे ऐकते आणि दाराबाहेरच्या चौथ्याला इंग्रजीत सांगते. कधी निरोप मुद्दाम दुसऱ्या दिवशी द्यायला लावते. कालचे ‘टुमॉरो’ आज तसेच उच्चारले तर दिवसच चुकतो, हे मुलांना तिथल्या तिथे उमगते. मग तोच संवाद अवतरणचिन्हांसह वहीत उतरतो.

गोंगाट होतो, हे खरे. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एक तास तरी तो होऊ द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक इंग्रजी शिक्षिका, महाल, नागपूर