विमा आहे म्हणजे धोका टळला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वीच्या तयारीविषयीची बातमी आपल्या दैनिकाच्या बडोदे पानावर गेल्या आठवड्यात वाचली. नालेसफाई, विश्वामित्रीच्या पात्राचे काम, उपसा पंप या सर्वांचा तीत उल्लेख होता. परंतु नदीकाठच्या दुकानदारांनी आणि लहान कारखानदारांनी आपल्या उंबरठ्याच्या आत काय करून ठेवावे, याविषयी एक ओळही नव्हती. सयाजीगंजात 31 वर्षे छापखाना चालवत असल्यामुळे आणि याच बाबतीतली हयगय मला स्वतःला महाग पडल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती 35 फुटांच्याही वर गेली, हे बडोदेकर विसरलेले नाहीत. 26 तारखेला जन्माष्टमी होती. सातम-आठमच्या सुट्टीमुळे आमचे कामगार गावी गेलेले आणि छापखान्याला कुलूप. शेजारच्या दुकानदाराने फोनवर धीर दिला, ‘अहीं सुधी पाणी न आवे’, म्हणजे इथपर्यंत पाणी येणार नाही. जुलै 2019 मध्ये एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हा आमच्या पायरीपर्यंत येऊन पाणी थांबले होते. त्या आठवणीवर आम्ही दोघेही विसंबलो.

पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा भिंतीवर अडीच फुटांवर चिखलाची रेघ होती. कागदाची रिमे जमिनीवरच रचलेली होती. खालची रिमे पाणी पिऊन फुगली, त्यामुळे थप्पी कलली आणि वरची कोरडी रिमेही पाण्यात पडली. म्हणजे नुकसान अडीच फुटांचे नव्हते, छतापर्यंतच्या मालाचे होते. ती थप्पी दीड हात उंचीच्या लोखंडी घोड्यांवर आणि भिंतीला टेकून न ठेवता रचली असती, तरी निम्मा कागद वाचला असता, असे मला आजही वाटते. ग्राहकांच्या सगळ्या फाइली ज्या संगणकात होत्या, तो टेबलाखाली होता.

‘विमा आहे ना?’ असे प्रत्येकाने विचारले. विमा होता. बँकेने कॅश क्रेडिट देताना काढायला लावलेला, कर्जाच्या रकमेपुरता, आणि वर्षानुवर्षे त्याच आकड्यावर नूतनीकरण केलेला. कागदाचे भाव वाढले, साठा वाढला, पण विम्याची रक्कम तिथेच राहिली. अशा वेळी भरपाई प्रमाणात कापली जाते, हे मला दावा दाखल केल्यावर समजले. समजा, गोदामात 40 लाखांचा माल आहे, विमा 20 लाखांचा आहे आणि पाण्यात 10 लाखांचा माल गेला. तर हाती 5 लाखच येतात, आणि पॉलिसीत ठरलेली वजावट त्यातूनही जाते. शिवाय आम्ही भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या खोलीचा पत्ता पॉलिसीत नोंदवलेलाच नव्हता. तिथल्या मालाचे काहीही मिळाले नाही. यात विमा कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. पॉलिसीचा कागद मी कधी वाचलाच नव्हता.

एका ठिकाणी 5 कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी उपलब्ध आहे. तीत पुराचा धोका धरलेला असतो आणि विम्याची रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी भरली, तर त्यापायी भरपाई कापली जात नाही. ही माहिती आपल्या व्यापारी मंडळांमध्ये आजही फार थोड्यांना आहे. मात्र धंदा बंद राहिल्याने बुडालेला नफा आणि त्या काळातले पगार या पॉलिसीत येत नाहीत. त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. आमचा छापखाना 19 दिवस बंद होता आणि खरा फटका त्या 19 दिवसांचाच बसला. औषधांच्या खोक्यांचे काम देणारा आमचा सर्वांत मोठा ग्राहक थांबू शकत नव्हता. त्याने काम दुसरीकडे दिले आणि त्यातले निम्मेच परत आले. गेलेल्या ग्राहकाची भरपाई कोणतीही पॉलिसी देत नाही, आणि म्हणूनच विम्याचा विचार सर्वांत शेवटी करावा व धोका कमी कसा होईल हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यानंतर आम्ही मकरपुऱ्यातील एका छापखान्याशी लेखी करार केला आहे. आमचे मशीन बंद पडले तर ठरलेल्या दराने ते आमचे काम छापतील, त्यांचे बंद पडले तर आम्ही छापू. फाइलींची एक प्रत रोज संध्याकाळी बाहेर जाते. मोटारी आणि विजेचे पॅनल वर उचलून बसवले. तरीही त्यांत पाणी गेलेच, तर त्या वाळवून वायरमनने मेगर (वायरींचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावून तपासल्याशिवाय कोणीही बटण दाबायचे नाही, असा फलक लावला आहे. पुरानंतर वीज येताच घाईने मशीन चालू केल्यामुळे शेजारच्या एका कारखान्यातील मोटार जळाली होती.

सर्वांत उपयोगी ठरली ती मात्र एक साधी गोष्ट. काळा घोडा पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी 15 फुटांवर गेली की माल वरच्या मजल्यावर न्यायला सुरुवात करायची आणि 20 फुटांवर मुख्य स्विच बंद करून सर्वांनी बाहेर पडायचे, मग मी तिथे असो वा नसो, असा नियम आम्ही केला. गेल्या जूनमध्ये तो प्रत्यक्ष करून पाहिला. तासाभराचे काम वाटले होते. चार माणसांना साडेतीन तास लागले, कारण जिन्याच्या वळणावर पॅलेट वळत नाही आणि एकेक रीम हातानेच न्यावे लागते. हे पाणी आल्यावर कळून काही उपयोग झाला नसता. सणासुदीच्या सुट्टीत शहरात कोण थांबणार, हेही आता पाळीने आधी ठरते.

हा नियम पाळायचा, तर आकडे वेळेवर मिळायला हवेत. आजवा सरोवरातून विश्वामित्रीत पाणी सोडल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येते, तेव्हा ती आजची की कालची हे ओळखता येत नाही. आपणांस विनंती आहे की, पावसाळ्याचे चार महिने आजवाची आणि काळा घोडा पुलाजवळची पातळी, नोंदीच्या वेळेसह, आपण रोज बडोदे पानावर ठळक चौकटीत छापावी आणि संकेतस्थळावर दिवसातून तीनदा द्यावी. आमच्या गल्लीतील सात दुकानदारांनी माझ्यासोबत या विनंतीवर सह्या केल्या असून तो कागद सोबत जोडला आहे.

आपला नम्र,
एक मुद्रक, सयाजीगंज, बडोदे