कोऱ्या कागदाच्या गावाहून

मुक्ताईनगर,
पौष वद्य द्वादशी

प्रिय मित्रा,

रामकृष्णहरी.

तू ऐकलंस ते खरं आहे. चैत्रात मी मॉरिशसला जातोय, दोन वर्षांसाठी. तिथल्या मराठी मंडळींच्या मंदिरात कीर्तन करायचं आणि त्यांच्या मुलांना हरिपाठ आणि पखवाज शिकवायचा. तू रागावून विचारलंस, "इथली पोरं सोडून समुद्रापार कोणाला देव सांगणार?" तो प्रश्न मला लागला, म्हणून हे लांब पत्र.

भो, देव सांगायला मी जातच नाही. त्या लोकांकडे तो आधीपासून आहे. १८३४ पासून गिरमिटिये मजूर मॉरिशसला जाऊ लागले, त्यांत आपली कोकणातली माणसंही होती. पाच वर्षांचा करार आणि काम उसाच्या मळ्यात. पोर्ट लुईच्या बंदरात उतरलं की दगडी पायऱ्या चढून आत जायचं. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात. त्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधीच परतले नाहीत. त्यांनी गणपती मात्र सोडला नाही. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते! आपल्या जळगाव जिल्ह्यात असे पाच देश मावतील, एवढा तो छोटा. पण घरातली भाषा आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, झाली आहे. आरती तोंडपाठ असते, अर्थ मात्र हातातून सुटत चाललाय. मला बोलावलंय ते एवढ्यासाठीच.

हे सगळं मलाही आधी नीट कळलं नव्हतं. आळंदीला चार वर्षं शिकलो, मधुकरी मागितली, दोनशेवर कीर्तनं केली, तेव्हा आपली तयारी झालेलीच आहे असं वाटायचं. दिवाळीनंतर आठ दिवस सातपुड्यात, यावलच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहिलो. पहिल्याच रात्री चाळीस मिनिटं निरूपण केलं. पाड्यावरची पावरा आदिवासी माणसं शांतपणे बसून होती. संपल्यावर एका म्हातारीनं शेजारच्या पोराला काहीतरी विचारलं. मी त्याच्याकडून अर्थ काढून घेतला. ती विचारत होती, "या पोराला आपल्याकडून काय हवंय?"

त्या रात्री झोप आली नाही. माझे सगळे दृष्टांत आणि प्रमाणं तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. पोचलं ते इतकंच, की बाहेरून कोणीतरी आलाय आणि काहीतरी मागतोय. दुसऱ्या दिवसापासून निरूपण बंद केलं. सकाळी त्यांच्याबरोबर लाकडं आणायला गेलो, पोरांकडून पाणी, चूल, पाऊस यांचे शब्द शिकलो. संध्याकाळी नुसते टाळ हातात दिले. सहाव्या दिवशी तीच म्हातारी टाळांच्या ठेक्यावर पावली धरून उभी राहिली. मला काही सांगावं लागलं नाही.

म्हणून आता रोज पहाटे तासभर क्रिओल शिकतोय. भाषा गोड आहे. 'मो मांझे, तो मांझे, ली मांझे', म्हणजे मी खातो, तू खातोस, तो खातो. कर्ता बदलला तरी क्रियापद बदलत नाही, आणि ली म्हणजे तोही आणि तीही. ज्या मुलाच्या जिभेवर हे आहे, त्याला 'विठाई' आणि 'विठोबा' दोन्ही एकच, हे समजावताना मला बहुतेक त्याच्याकडूनच शिकावं लागेल.

परवा संध्याकाळी चांगदेव गावाला जाऊन आलो. तापी-पूर्णेच्या संगमावर पाणी अगदी स्थिर होतं. चांगदेवानं ज्ञानोबांना कोरा कागद पाठवला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. मायना काय लिहावा हे त्याला सुचलं नाही. वयानं लिहावं तर ज्ञानोबा लहान, ज्ञानानं लिहावं तर मोठे. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून कोराच राहिला. आणि त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या! मला आजवर मुक्ताईचं बोलणं तेवढं आठवायचं. परवा वाटलं, निदान कागद पाठवायची बुद्धी तरी त्याला झाली. पाड्यावरून आलो तेव्हा मी तसाच होतो.

घरचं सांगतो. माय रोज ज्वारीच्या बिबड्या वाळत घालते आणि विचारते, "तिकडे काय खाशीन रे तू?" तिला वृंदावनातलं तुळशीचं रोप द्यायचं होतं. परवान्याशिवाय रोप आणि माती परदेशात नेता येत नाही, असं सांगितलं तर ती गप्पच झाली. मग संध्याकाळी तुळशीच्या वाळक्या काड्यांचे मणी करायला बसली. पखवाजाची काळजी आहे. समुद्राच्या दमट हवेत कातडं सैल पडेल, म्हणून जास्तीची पानं आणि वाद्या बांधून घेतल्यात. तिथं आषाढ म्हणजे थंडीचा महिना. ते अजून डोक्यात बसत नाही.

अण्णा काही बोलत नाहीत. केळीला पाणी देऊन येतात आणि माझ्याजवळ बसून राहतात. यंदा मुक्ताईच्या पालखीत ते एकटेच असतील. दरवर्षी मी वीणा घ्यायचो, ते टाळ घेऊन मागे असायचे. महिनाभराची चाल आहे, आणि डावा गुडघा दुखतो हे ते कोणालाच सांगत नाहीत. तुला रजा मिळाली तर बीडपासून पुढे तरी त्यांच्याबरोबर चाल. मुक्कामावर गरम पाण्याची पिशवी दे. मी सांगितलंय असं म्हणू नकोस.

निघण्याआधी एकदा ये. भरीताची वांगी अजून चांगली येताहेत, काड्यांवर भाजू.

तुझाच,
बालमित्र