असई ‘किरकोळ’ कशी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वेलिंग्टन या इंग्रज सेनापतीवरचा पानभर लेख काल चष्मा पुसून दोनदा वाचला. वॉटर्लू आहे, तिथे त्याच्या मदतीला आलेला प्रशियाचा सेनापती ब्लूखर आहे, स्पेन-पोर्तुगाल आहे, १८२८ साली पंतप्रधान झाला तेही आहे. त्याच्या नावाच्या बुटांना तर चांगल्या चार ओळी आहेत. आणि आपल्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई? ‘भारतातल्या किरकोळ चकमकींत अनुभव घेऊन’ एवढ्यात उरकली!

म्हातारपणी या वेलिंग्टनलाच कुणी विचारले होते, रणांगणावरची तुमची सर्वांत सरस कामगिरी कोणती? एका शब्दात उत्तर आले, असई. पण आपल्या लेखकमहाशयांना त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

२३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीपलीकडे. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलिंग्टनने पाहिले, दोन्ही काठांवर समोरासमोर गावे, पिंपळगाव आणि वरूड. म्हणजे माणसे जात-येत असणारच! तेवढ्या हिशेबावर फौज नदीत घातली आणि उतार निघाला. पाण्यातच शेजारच्या स्वाराचे डोके तोफगोळ्याने उडाले. पुढे अंगाखालचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला. शिंद्यांचे गोलंदाज तोफांशेजारी मेल्यासारखे पडून राहिले आणि गोरे पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. कंपनीचे दीड हजारांवर मेले-जखमी झाले. याला किरकोळ म्हणायचे तर मग राहिले काय?

माझ्या आत्याला त्याच भागात दिले होते. तिच्याकडे मधल्या खोलीच्या दाराला लावायला बेलफळाएवढा लोखंडी गोळा असे. ती सांगायची, “सासऱ्यांच्या नांगराला लागला. फाळ वाकला, गोळ्याला काही झालं नाही.” आम्ही पोरे तो ओसरीवर गडगडवायचो. एकदा फरशी फुटली, त्याचा मार अजून आठवतो. पुढे एका कार्यालयातून दोघे जण आले, संग्रहालयात ठेवतो म्हणाले आणि वहीच्या फाडलेल्या पानावर ‘लोखंडी वस्तू, नग १’ अशी पावती देऊन गोळा घेऊन गेले. आत्या गेली, पावती माझ्याकडे आहे. ती घेऊन मी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या खेपेला किल्ली नाही. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “काका, भंगाराची नोंद आमच्याकडे नसते.”

त्या साहेबांनी निदान इतिहास लिहायला घेतला नव्हता.

गावाचे नावही आपण ‘असाये’ छापले आहे. इंग्रजाला उच्चारता येईना म्हणून त्याने तसे लिहिले. मराठी वर्तमानपत्राची काय अडचण होती, कळत नाही. जालन्याला फोन लावला असता तरी कुणीही सांगितले असते.

लिहायला बसलोच आहे तर, शनिवारच्या शब्दकोड्याचे उत्तर सलग दुसऱ्या आठवड्यात आलेले नाही. आणि माझ्या मागच्या पत्रावर आपण अशी कात्री चालवलीत की घरच्यांनीही ते ओळखले नाही. जागेची अडचण समजू शकतो. याही वेळी कापायचेच असेल, तर बुटांचा उल्लेख कापावा, गोळ्याचा नको.

आपला (अजून तरी) नियमित वाचक,
जालना