मामा, तान्ह्या लेकरांचा प्रवास सोपा केल्याबद्दल

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

आपलं नाव असं चारचौघांत आलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं मामा. बेळगावच्या टिळकवाडी, वडगाव, अनगोळ भागात ज्या घरांतली पोरं अजून बोबडं बोलतात, त्या घरांकडून हे पत्र. गोव्याला, कोल्हापूरला किंवा सौंदत्तीला लेकरू घेऊन जायचं ठरलं की इथं तुमचीच गाडी सांगितली जाते. भाड्याचं तुम्ही नंतर बोलता. बाळ किती महिन्यांचं, किती किलोचं, दूध कधी पितं आणि झोप कधीची, हे आधी विचारता. तुम्ही शिकवलेलं एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. आभारही मानून होतील आणि नव्या आईबापांच्या हाती काही लागेलही.

पहिले आभार बकलांसाठी. भाड्याच्या गाडीवर जाड फोमचं कव्हर चढलं की मधल्या रांगेतल्या सीटबेल्टची बकलं त्याखाली गडप होतात आणि वर्षानुवर्षं कुणी त्यांना हात लावत नाही. तुम्ही कव्हरला चीर पाडून ती वर काढलीत. पाठ आणि बैठक मिळते तिथल्या फटीतल्या आयसोफिक्सच्या, म्हणजे बालसीट थेट गाडीला अडकवायच्या, लोखंडी कड्याही मोकळ्या केल्यात. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा बालसीटशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे १००० रुपये दंड आहे, पण तुम्ही कुणाला दंडाची भीती घातली नाहीत. आजीबाई ‘मांडीवरच बरं’ म्हणाल्या की तुम्ही शांतपणे एवढंच सांगता: ताशी ५० च्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोन-तीनशे किलोच्या ओढीनं पुढं जातं, आणि तेवढं धरून ठेवणारे हात कुणाचेच नाहीत. आई आणि बाळ दोघांना एकाच बेल्टमध्ये घेणं तर त्याहून वाईट, कारण आईचं सगळं वजन बाळावर येतं.

सीट बसवायची तुमची रीत आता आम्हालाही पाठ झाली आहे. बाळ सव्वा वर्षाचं होईपर्यंत तोंड मागच्या बाजूलाच, आणि सीटच्या वजनमर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही तसंच ठेवलेलं चांगलं. या वयात डोकं जड आणि मान नाजूक असते. तोंड मागं असलं की धक्का एकट्या मानेवर न येता पाठ आणि डोकं मिळून सीटच्या पाठीवर पसरतो. अशी सीट चालू एअरबॅगसमोर पुढं कधीच ठेवायची नाही. फुगणारी बॅग नेमकी बाळाच्या डोक्यामागं आदळते. बेल्टनं बांधायच्या बऱ्याच सीटांवर निळ्या आणि लाल खुणा असतात: निळ्या मागं तोंड करण्यासाठी, लाल पुढं तोंड करण्यासाठी. पट्ट्याला पीळ न देता तो त्या खुणांमधून घ्यायचा, बकल लावायचं, सीट हातानं किंवा गुडघ्यानं खाली दाबून धरायची आणि खांद्याकडचा पट्टा ओढून घ्यायचा. मग पट्टा जिथून जातो तिथंच सीट धरून हलवायची. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर सोडून पुन्हा बांधायची. रेक्झिनचं गुळगुळीत कव्हर असेल तर ती हमखास घसरते. काही गाड्यांतला बेल्ट मागं तोंड असलेल्या सीटला वळसा घालायला पुरतच नाही, आणि हे निघायच्या सकाळी कळलं तर सगळ्यांचीच पंचाईत. म्हणून आदल्या संध्याकाळी सीट घेऊन या, हा तुमचा आग्रह अगदी बरोबर.

कुंचीबद्दल तर विशेष आभार. कुंची, जाड स्वेटर आणि दुपट्याची गुंडाळी हे सगळं घालून बाळ बांधलं की पट्टे घट्ट वाटतात, पण आतला कापूस दबला की ते सैलच निघतात. शिवाय कुंचीचा मानेमागचा जाड भाग डोकं पुढं ढकलतो, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्याचा श्वास कोंडू शकतो. त्यामुळं आधी पातळ झबल्यावर पट्टे बांधायचे आणि दुपटं वरून पांघरायचं. खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट धरता आली तर तो सैल आहे. तोंड मागं असेल तर पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावा, पुढं असेल तर रेषेत किंवा किंचित वरून.

आता गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट. जांबोटीपर्यंत हसतखेळत आलेलं पोर कणकुंबीच्या पुढं पांढरं पडतं, हे सगळ्या आयांना ठाऊक आहे. कान सांगतो गाडी वळते आहे, मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, आणि या गोंधळात पोट ढवळतं. दोन वर्षांखाली हा त्रास कमी असतो, त्यानंतर वाढत जातो. घाटात मोबाइल बंद, काच थोडी खाली, एसी असेल तर बाहेरची हवा आत घेणारा. वळण येण्याआधीच ब्रेक लावून वळणात वेग एकसारखा ठेवायचा, ही तुमची चालवायची पद्धत कोणत्याही गोळीपेक्षा गुणकारी. गोळीवरून आठवलं: उलटीच्या ज्या औषधात प्रोमेथाझिन असतं ते दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं तर नकोच.

खाणं घाटाच्या तासभर आधी, आणि हलकं: मऊ भात किंवा थोडी नाचणीची लापशी. घाटाच्या तोंडावर कुंद्यासारखी दुधाची गोड मिठाई नको. आपल्या चुरमुऱ्यांतले शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत द्यायचेच नाहीत. हिसक्यात दाणा श्वासनळीत जातो आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. द्राक्षं उभी चिरून द्यायची.

उलटी झालीच तर एकात एक घातलेल्या दोन पिशव्या, आत वर्तमानपत्राचे तुकडे, ओला टॉवेल आणि कपड्यांचा जोड. जोड बाळाला दोन, आईला एक; आईचा सगळेच विसरतात. दहा मिनिटं थांबून मग ओआरएस चमच्या-चमच्यानं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, लहान पाकीट २०० मिलीत. पाण्याचं माप चुकवायचं नाही, आणि केलेलं पाणी २४ तासांनंतर टाकायचं. सीटचे पट्टे मात्र साबणाच्या पाण्यात भिजवायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे, नाहीतर धागा कमजोर होतो.

पावडरचं दूध घरून करून आणायचं नाही, हेही तुमच्यामुळंच कळलं. उकळलेलं पाणी थर्मासात, मोजलेली पावडर कोरड्या डबीत. केलेलं दूध बाहेर दोन तासच चालतं, बाळानं तोंड लावल्यावर एकच तास. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणीही नको.

थांबे दर दोन तासांनी, त्याआधी बाळ रडलं तर त्याआधी. दर थांब्याला बाळ सीटमधून बाहेर काढून पाठीवर सपाट निजवायचं. बाळाची सीट डाव्या बाजूला असली की उतरवताना रस्त्याकडचं दार उघडावं लागत नाही. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक निघण्याआधी लावायचं आणि आतून दार उघडून बघायचं. उघडलं तर लागलेलं नाही. पहाटेच्या अंधारात तुम्ही चोर्ला घेत नाही, धुकं आणि गवे दोन्ही असतात. काही जण त्यावर कुरकुरतात, कुरकुरू देत. कणकुंबीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही, म्हणून ११२ (तातडीची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) चा विचार घाटाआधीच करायचा. कोल्हापूरच्या हायवेवर १०३३ हा हायवेचा मदत क्रमांक आहे.

चैत्र-वैशाखात सौंदत्ती किंवा अथणीकडं जाताना मात्र घाटापेक्षा ऊन जड जातं. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंशांनी चढतं, आणि लहान अंग मोठ्यापेक्षा कितीतरी लवकर तापतं. ‘झोपलंय, राहू दे’ म्हणून कुणी बाळ गाडीत ठेवायला निघालं तर तुम्ही किल्ली देत नाही. बकलाचं लोखंड चटका देतं, त्यावर ओलं फडकं टाकायचं. सीटवर काळं कापड अंथरून सावली करू नये, आतली हवा कोंडते. पडदा काचेला लावावा.

एक विनंती आहे, मामा. स्टँडवरच्या बाकीच्या गाड्यांची बकलंही कव्हरखालून वर काढायला लावा. चीर कुठं पाडायची ते तुम्ही दाखवा, शिलाईचे पैसे आम्ही देऊ.

आपले,
टिळकवाडी, वडगाव, अनगोळ भागातले काही आईबाप